आधी गुरुजींनी कोरकू शिकावे



मेळघाटातील शाळेत पहिलीच्या वर्गात आलेले कोरकू बालक गप्प बसते. गुरुजी ‘पाणी’ म्हणतात. त्याच्या घरी पाण्याला ‘डा’ म्हणतात. गुरुजींचा प्रश्न त्याला उमगत नाही, त्याचे उत्तर गुरुजींना उमगत नाही. आणि ‘मठ्ठ’ हा शेरा मात्र बालकाच्याच नावावर पडतो. वस्तुतः तयारी अपुरी असते ती शिक्षकाची.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. संथाळी, मुंडारी यांच्या मुंडा कुळातील ती स्वतंत्र भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी तिची मातृभाषा म्हणून नोंद केली. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय. माणसे ती कोरकू. संस्कृतात असलेले, मराठीने गमावलेले द्विवचन या भाषेत आजही नांदते. ऐकणाऱ्यासह ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतील भेद कोरकूतही आहे. हे जाणणारा शिक्षक याच वाटेने बालकाला मराठीकडे नेईल. न जाणणारा त्याच्या चुका मोजत बसेल.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचाही आग्रह तोच. परंतु अध्यापनाची पदविका हाती आली म्हणून कोरकू जिभेवर येत नाही. त्यासाठी धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत राहावे लागते, घराघरांत बसावे लागते, फगव्याच्या ढोलापासून स्थलांतराच्या दिवसांपर्यंतचे त्यांचे वर्ष समजून घ्यावे लागते. शिकलेल्या कोरकू तरुण-तरुणींना अध्यापक म्हणून उभे करणे, हा तर सर्वांत सरळ मार्ग होय. हा प्रश्न केवळ डोंगरातला नाही. व्याघ्रप्रकल्पातून पुनर्वसित झालेली कोरकू गावे आज अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागातही आहेत.

१९५२ साली जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रमाची स्थापना करणारे बाळासाहेब देशपांडे हे अमरावतीचे सुपुत्र. त्यांच्या गावच्या समाजाने वनवासी बांधवांना ‘आपले’ म्हणणे स्वाभाविक आहे. मात्र ज्यांना आपले म्हणायचे, त्यांच्या भाषेतील दहा शब्दही येऊ नयेत, ही आत्मीयता कसली? सेवेस निघणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने पहिले वर्ष विद्यार्थी व्हावे. बालकाच्या मौनाचे उत्तर तेथेच सापडेल.