सांदवाडीतला पालक आणि घरचे बियाणे
(भंडारा जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाची, आणि हे पालकावर बोलायला उभे राहिले, असे मागच्या रांगेत कोणाच्या मनात आले असेल. आधीच सांगून टाकतो. परसातली भाजी हा भावाला पर्याय नाही. उत्पादनखर्च भरून निघत नाही म्हटले की लगेच 'घरी भाजी लावा, काटकसर करा' असे शिकवणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाही. भावाची लढाई जिथे आहे तिथेच आहे.

पण हिशेब तरी करा. पाच एकराचा कोरडवाहू शेतकरी आठवडी बाजारात जातो आणि पालकाची जुडी, सांबाराची काडी नगदी पैसे मोजून आणतो. आमच्या आज्यांना हे सांगितले असते तर त्या हसल्या असत्या. ज्वारीच्या पाट्यात अंबाडी असे, बरबटी असे. पऱ्हाटीच्या ओळीतून निंदता निंदता बाई ओटीत भाजी भरून आणी. पावसाळ्यात धुऱ्यावर तरोटा, ओलीला चिवळ. ज्वारीचा पेरा आटला, सलग कपाशी आणि सोयाबीन आले, वरून तणनाशक आले. धुरा स्वच्छ झाला आणि ताट कोरडे झाले.

त्याचा परिणाम कोणाच्या अंगावर दिसतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणून पालक खा असे सगळेच सांगतात, पण पालकाची फुकटची जाहिरात आम्ही करणार नाही. त्यातले लोह अंगी लागायला जड जाते, कारण पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. भाजीवर लिंबू पिळले तर थोडे जास्त लागते. मुतखडा असलेल्याने बेताने खावा. ज्या बाईचे रक्त फारच कमी आहे तिने दवाखान्यातल्या गोळ्या घ्याव्यात, भाजीवर विसंबू नये. डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व आणि गरोदर बाईला लागणारे फोलेट मात्र पालकात चांगले आहे.

आता पालकच का? कारण तो महिन्याभरात ताटात येतो, एकदा पेरला की चार-पाच वेळा कापता येतो आणि खारवट जमीन-पाणी इतर भाज्यांपेक्षा जास्त सोसतो. शिवाय त्याचे बी घरी धरता येते. आमच्या मते खरी गोष्ट ती आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आपला देशी पालक हा बीटच्या कुळातला. आपण ज्याला बी म्हणतो ती खरे तर दोन-तीन बियांची गाठ असते, म्हणून एका ठिकाणी दोन-तीन रोपे उगवतात. दुकानदाराने भेसळ केली असे समजू नका. 'ऑल ग्रीन' ही जात आपल्याकडे चांगली चालते. 'पुसा ज्योती'ही आहे. पुडीतले बी रंगीत असेल तर ते औषध लावलेले असते. पोराच्या हाती देऊ नका, कोंबड्यांना टाकू नका.

कोजागिरीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा करा. एका वाफ्याला दहा-बारा ग्रॅम बी पुरे. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यावर सुकवा. काळी जमीन असेल तर दोन टोपल्या कुजलेले शेणखत आणि थोडी रेती मिसळा. वीतभर अंतरावर ओळी ओढा, बोटाच्या एका पेराइतके खोल बी टाका आणि वरून मातीऐवजी चाळलेले शेणखत पसरा. काळ्या मातीची पापडी धरली की कोंब आत गुदमरतो, पालक उगवत नाही ही तक्रार बहुतेक इथलीच असते. त्यावर तणसाचा पातळ थर द्या, तणस नसेल तर कुटार. पाणी झारीने द्या. झारी कशाला विकत घ्यायची, डब्याला खिळ्याने भोके पाडा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले की तणस काढून घ्या.

चार पानांवर आले की दाटी विरळ करा. उपटलेली रोपे वरणात जातील. तीस-पस्तीस दिवसांनी पहिली कापणी, जमिनीपासून दोन-तीन बोटे ठेवून. पुढे दर पंधरा दिवसांनी. एका वाफ्यातून सगळ्या कापण्या मिळून चार-पाच किलो भाजी यावी. पाच माणसांच्या घराला ती आठ-दहा वेळची. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका, पंधरवड्याच्या अंतराने पेरा. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याला सोडा. साबणाचे पाणी पानांवर टाकू नका. कोंबड्या-बकऱ्यांसाठी पऱ्हाटीचे कुंपण. मावा आला तर पाण्याच्या धारेने झाडा, ठिपके पडलेली पाने तोडून टाका.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. कपाशीवर फवारलेला पंप सांदवाडीत आणायचा नाही, धुऊनही नाही. पालक कपाशीच्या ओळीतही लावायचा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसे गेली. जे औषध फवारणाऱ्याला मारते ते पानावर पडून गोड होत नाही.

आता बियाण्याचे. २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि सरकी घरी ठेवणारा शेतकरी दरवर्षी दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. त्या वाणाने बोंडअळीपासून काही वर्षे फायदा झाला हे आम्ही नाकारत नाही. पण बी राखायची सवय मोडली. ती पालकापासून परत धरता येते. वाफ्याच्या एका कडेला दहा-बारा झाडे राखा, त्यांना एक-दोनदा कापून सोडा. फेब्रुवारीत दांडे निघतील. जे झाड सगळ्यात आधी दांडा टाकते ते उपटा, त्याचे बी धरू नका. नाहीतर दोन-तीन वर्षांत पाने कमी आणि दांडेच जास्त. उशिरा फुलणारे, रुंद पानाचे झाड ते बियाण्याचे. पालकाचे पराग वाऱ्याने दूरवर जातात. म्हणून गावात एकाच जातीचे बी धरा आणि जवळपास बीट फुलू देऊ नका. गाठी तपकिरी झाल्या की सकाळी कापून सावलीत वाळवा, काठीने झोडपा, ऊन दाखवा, आणि कोरड्या गाडग्यात राख व कडुनिंबाचा पाला घालून तोंड बांधा. ओल लागली नाही तर तीन वर्षे चालते. पेरण्याआधी शंभर गाठी ओल्या पोत्यात गुंडाळून पाहा. साठाच्या खाली उगवल्या तर बी दाट पेरा.

हे बी शेजारणीला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेच्या पुडीत भरून विकता येत नाही, एवढेच.

१९९१ मध्ये शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तिचे पहिले अंग सीताशेती. घरलक्ष्मीच्या नावच्या तुकड्यावर, बाजारातून कमीत कमी आणून, तिच्या डोक्याने केलेली शेती. तेव्हा पुष्कळ भावांनी तो बायकांचा कार्यक्रम म्हणून कानाआड केला. सांदवाडीची जागा तुमची, कुंपण तुम्ही घाला. पण कोणते झाड बियाण्याला राखायचे ते घरच्या बाईला ठरवू द्या, ते तिला तुमच्याहून चांगले कळते.

पहिले बी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा किंवा दुकानातून एकच पुडी घेऊन चार घरांत वाटा. उन्हाळ्यानंतरच्या बैठकीला येताना कागदाच्या पुडीत मूठभर घरचे बी आणा. वर गावाचे नाव, जात आणि झोडपल्याची तारीख लिहा. भंडाऱ्याचे यवतमाळला जाईल, यवतमाळचे इकडे येईल. आता कापसाच्या ठरावाकडे वळू.