पत, फसवणूक आणि न्याय



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी संस्थेच्या चालकांचा ऋणी आहे. आजचा विषय कोणास रुक्ष वाटेल. परंतु महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ज्या नगरीत १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, तेथे पैशाच्या व्यवहारातील विश्वासाविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये. याच बँकेने १९९४ साली क्रेडिट कार्डांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक पेढीवरची पत, दुसरी चारचौघांतली. कार्डाच्या फसवणुकीत फसलेल्या माणसाची पहिली जाते आणि लज्जेपोटी तो दुसरीही गेली असे मानून गप्प बसतो. हे मौनच गुन्हेगाराला सर्वांत अधिक उपयोगी पडते.

प्रथम कायदा कोणाचा, हे पाहू. आपली मुले अमेरिकेत आहेत. तेथे केंद्राच्या कायद्याबरोबर प्रत्येक राज्याचा स्वतःचा दंडविधान असतो. आपल्याकडे तसे नाही. पोलीस हा विषय राज्याचा असला, तरी या गुन्ह्यांना लागू होणारे मुख्य कायदे संसदेने केलेले आहेत. म्हणून वडोदऱ्यात घडलेला गुन्हा आणि कोल्हापुरात घडलेला गुन्हा यांना एकच कलमे लागतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील ४२० वे कलम इतके परिचित झाले की ‘चारसोवीस’ हा शब्दच भाषेत रुजला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि तो आकडा बदलला. आता ३१८ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमान्वये फसवणूक करून मालमत्ता लुबाडणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. तोतयेगिरीसाठी ३१९ व्या कलमात पाच वर्षांपर्यंतची तरतूद आहे. यांच्या जोडीला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे हा त्याच्या ६६ क कलमाखाली, आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा ६६ ड कलमाखाली गुन्हा आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

शिक्षेचे आकडे वाचून न्यायाची कल्पना येत नाही. त्यासाठी खटला पाहावा लागतो. मे २००२ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी स्वदेशातील आप्तांना वस्तू पाठवाव्यात म्हणून चालविलेल्या एका संकेतस्थळावर परदेशी नावाने रंगीत दूरचित्रवाणी संच व हेडफोन यांची मागणी नोंदली गेली. माल नोएडातील एका तरुणाला पोहोचला. सुमारे दीड महिन्याने कार्डाच्या खऱ्या मालकाने खरेदी नाकारली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात असे निष्पन्न झाले की, त्या तरुणाने कॉल सेंटरमधील नोकरीत एका अमेरिकन ग्राहकाचा कार्ड क्रमांक मिळविला होता. न्यायालयाने त्यास दंड संहितेखाली दोषी ठरविले. परंतु वय २४ वर्षांचे आणि गुन्हा पहिलाच, हे ध्यानी घेऊन त्याला एक वर्षाच्या परिवीक्षेवर सोडले. दोष सिद्ध झाला आणि आयुष्यही उद्ध्वस्त झाले नाही. ही दया म्हणजे कायद्याचे दौर्बल्य नव्हे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यामागे हाच विचार आहे.

याउलट ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला, त्यात बनावट डेबिट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढण्यात आले. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून कारावास दिला. अशा कटांना कार्ड घेऊन यंत्रासमोर उभे राहणारी माणसे लागतात. ‘थोड्या कमिशनसाठी तुझे खाते वापरू दे’ असे जेव्हा एखाद्या विद्यार्थ्याला सांगितले जाते, तेव्हा त्याला याच रांगेत उभे केले जात असते. पालकांनी व शिक्षकांनी हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

ज्याची फसवणूक झाली, त्याने काय करावे? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाचे तत्त्व घालून दिले. बँकेची चूक असेल तर ग्राहकावर भार नाही. दोष तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तरीही नाही. चार ते सात दिवस लागले तर त्याचा भार मर्यादित ठेवला. मात्र ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र बँकेवर टाकली. म्हणून प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि प्रत्येक तक्रारीची पोच जपून ठेवावी. येथे एकेका तासाला मोल आहे.

आता बचावाविषयी. आरोपीचा बचाव म्हणजे गुन्ह्याची पाठराखण, असा एक गैरसमज आहे. ज्याच्या नावाचे सिमकार्ड वा खाते दुसऱ्याने वापरले, असा निरपराध माणूसही आरोपी होऊ शकतो. गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो आणि फसवणुकीच्या गुन्ह्याचा प्राण म्हणजे आरंभापासूनचा अप्रामाणिक हेतू. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. यावरून आणखी एक गोष्ट निघते : नोकरी गेली, आजारपण आले आणि कार्डाचे हप्ते थकले, तर तेवढ्याने माणूस फसवणुकीचा गुन्हेगार ठरत नाही. वसुलीसाठी दिवाणी मार्ग आहे. ‘उद्या पोलीस येतील’ अशा धमकीने कोणी हवालदिल होऊ नये.

संगणकीय पुराव्याचेही असेच आहे. जालन्याच्या एका निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. अटकेबाबत, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, असे २०१४ च्या अर्नेश कुमार निर्णयाने बजावले. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि कायद्यात बसणाऱ्या गरजूंसाठी १९८७ च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणाची विनामूल्य मदत आहे.

श्रोतेहो, १९०६ साली या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले, ते रयतेला लिहिता-वाचता यावे म्हणून. आज साक्षरतेत कार्डावरील अटी आणि मोबाइलवर आलेला संदेश वाचण्याचाही समावेश करावा लागेल. या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ शाळेला द्यावी आणि फसलेल्या वृद्धाला तक्रार लिहून द्यावी, घाबरलेल्या तरुणाला योग्य वकिलाकडे पाठवावे, अशी माझी विनंती आहे.