नित्याचे उद्योग आणि किशोरांचे मनःस्वास्थ्य
(माण तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



आज मी जो विषय निवडला आहे, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात स्वतंत्र धडा म्हणून नाही; परंतु सहावी, सातवी, आठवीच्या वर्गात उभे राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकासमोर तो रोज येऊन बसतो. 11 ते 15 वर्षांच्या मुलामुलींचे मन हा तो विषय होय. हे मन निरोगी कशाने राहते आणि ते खचू लागल्याची पहिली खूण कोणती, या दोनच प्रश्नांचा विचार आपण करू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 10 ते 19 वर्षे वयाच्या दर 7 जणांमागे एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. हा साऱ्या जगाचा आकडा आहे. आपल्या वर्गास तो तंतोतंत लागू पडेलच असे नाही. तथापि, मनाचे आजार हे शहरातील सुखवस्तू घरांचे लाड आहेत, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडच्या वाट्यास तो 500 च्या आत-बाहेर येतो. 2018-19 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. घरातील कोणी गुरांबरोबर छावणीत, कोणी गावी, अशी कुटुंबांची फाटाफूट झाली. अशा काळात पैशाची ओढाताण सर्वांस दिसते. पण घरातील दिनक्रम मोडतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही. जेवणाची वेळ, निजण्याची वेळ, खेळाचे सोबती, सांजेला घरी वाट पाहणारे माणूस, हे सारे विस्कटते आणि त्याचा आघात मुलाच्या मनावर होतो.

असे का व्हावे? मन आणि उद्योग यांचे नाते दुहेरी आहे. मन उदास झाले की माणूस नेहमीच्या गोष्टी सोडू लागतो, हे आपण जाणतो. पण नेहमीच्या गोष्टी सुटल्या की मन अधिक उदास होते, हे आपण विसरतो. खेळ सुटला की सोबती सुटतात; सोबती सुटले की बोलणे थांबते; बोलणे थांबले की एकच विचार डोक्यात घोळत राहतो आणि रात्रीची झोप जाते. हे चक्र उलटही फिरविता येते. लहानसे, जमेल असे काम पुन्हा हाती घेतले, ते पार पडले, की मनास थोडी उभारी येते. खिन्नतेवरील उपचारांत मानसतज्ज्ञ ही रीत आज मुद्दाम वापरतात.

मात्र येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. उद्योग म्हणजे केवळ कष्ट नव्हेत. शाळा बुडवून दिवसभर पाण्याचे हंडे वाहणारी मुलगी किंवा मेंढरांमागे एकटाच भटकणारा मुलगा यांस ‘उद्योग करा’ असे सांगणे हा क्रूरपणा होईल. ज्या कामात सोबत आहे, ज्याचा शेवट दिसतो, ज्याची कोणीतरी कदर करते आणि ज्यानंतर विसावा मिळतो, तेच काम मनास पोसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यास वसतिगृह चालविले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीस जेवत. त्या श्रमांत सोबत आणि प्रतिष्ठा दोन्ही होती. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील तरुण शिक्षकही गावकऱ्यांच्या हातांनी तालीम उभी करतो, हे आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल.

आता आपल्या शाळेत काय करता येईल ते पाहू.

पहिली गोष्ट, प्रत्येक मुलाकडे असे एक काम सोपवावे की ते त्याने न केल्यास वर्गास जाणवेल. रोपांना पाणी, परिपाठाची घंटा, ग्रंथपेटीची नोंद, असे कोणतेही काम चालेल. हुशार मुलांनाच सारी कामे देण्याची आपली सवय येथे बाजूस ठेवावी.

दुसरी गोष्ट, खेळाचा तास गणितासाठी कापू नये. 5 ते 17 वर्षांच्या मुलांस रोज सरासरी 60 मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत धावल्या, याचा आपणांस अभिमान आहे. परंतु मैदान केवळ पदकांसाठी नसते. खो-खो, लेझीम, गजी यांत जो मागे राहतो, त्यासच मैदानाची गरज अधिक असते. मोठ्या मुलींनी ओट्यावर बसून राहावे, हेही योग्य नव्हे.

तिसरी गोष्ट झोपेची. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. रात्री मोबाइल उशाशी नसावा, हे पालकसभेत आग्रहाने, पण न रागावता सांगावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल नित्याचे काय सोडत आहे, इकडे लक्ष ठेवावे. रोज हात वर करणारा गप्प झाला, डबा तसाच परत जाऊ लागला, मैत्रिणींत रमणारी मुलगी एकटी बसू लागली, आणि असे दोन आठवडे चालले, तर त्यास आळस किंवा उद्धटपणा म्हणू नये. त्यास बाजूला घेऊन, चारचौघांत न विचारता, आस्थेने विचारावे. ते सांगेल ते पुरते ऐकावे, उपदेश नंतर. ‘कामाला लाग, सारे विसरशील’ असे कदापि म्हणू नये. पालकांशी बोलून आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ ही शासनाची सेवा 2022 पासून सुरू असून 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य, मराठीतूनही सल्ला मिळतो. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलले, तर ती पोरकट धमकी समजू नये. त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी.

आपण वैद्य नाही, आणि तसे होण्याची आवश्यकताही नाही. परंतु वैद्याकडे मूल पोहोचण्यापूर्वी त्याचा बदललेला चेहरा दिसतो तो आपणांस. हजेरीपटावर आपण रोज ‘हजर’ अशी खूण करतो; ते मूल मनानेही हजर आहे काय, एवढे पाहण्याची सवय आपण लावून घेऊ या.