ओल्या लांकडाची काठवट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील शिवणीचें लांकूड हलकें व कमी आकसणारें. म्हणून निवृत्तीनंतर मीं ताज्या ओंडक्याची, पीठ मळण्याजोगी मोठी काठवट कातावयास घेतली.

ओलें लांकूड हत्याराखालीं सहज सुटतें. कसोटी पुढें असते. ओलावा सुमारें ३० टक्क्यांखालीं गेला कीं लांकूड आकसूं लागतें. गाभ्याकडून सालीकडे जितकें आकसतें, त्याच्या जवळजवळ दुप्पट वलयांच्या दिशेनें. या ओढाताणींतच तडा जन्मतो. यास्तव ओंडका मधोमध चिरून गाभा काढावा, आणि पात्र प्रथम ओबडधोबडच कोरावें. जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, सर्वत्र सारखी असावी. मग तें लांकडाच्या भुशांत पुरून कित्येक महिने सावलींत ठेवावें. वाकलें तरी पुन्हा कातून गोल करतां येतें.

मीं मात्र अधीर होऊन पात्र उन्हांत ठेविलें. तिसऱ्या दिवशीं तें कांठापासून तळापर्यंत उकललें. कित्येक पावसाळे पाहिलेल्या झाडाचें लांकूड माझ्या तीन दिवसांच्या घाईनें वायां गेलें! जन्मभर मुलांना 'सावकाश' म्हणणाऱ्या मास्तरानें हें केलें, याची लाज वाटते.

उरलेल्या अर्ध्या ओंडक्याची काठवट आतां भुशांत आहे. पावसाळा सरल्याखेरीज तिला हात लावणार नाहीं.