मजला कुठून मोजायचा?



शाहूवाडी तालुक्यात आंब्याकडे किंवा गजापूरकडे गेलात की उतारावर बांधलेली घरं दिसतात. रस्त्यावरून पाहिलं तर घर एकमजली. मागं परड्यात उतरून पाहिलं तर तेच घर दुमजली. खाली गोठा, वर राहती जागा. अशा घराला मजले किती म्हणायचे? शेजाऱ्यापासून किती जागा सोडायची याचा हिशेब घराच्या उंचीशी बांधलेला आहे, म्हणून हा प्रश्न घर बांधणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

राज्यात 2 डिसेंबर 2020 रोजी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. मुंबई, गिरिस्थान नगरपरिषदा, म्हणजे आपल्या जिल्ह्यात पन्हाळा, अशी मोजकी ठिकाणं सोडली तर बहुतेक महाराष्ट्राला तीच लागू आहे. त्यात मजला म्हणजे एका फरशीपासून तिच्या वरच्या फरशीपर्यंतचा भाग. वर फरशी नसेल तर छतापर्यंतचा. आत माणसं राहतात, म्हशी बांधल्यात की भाताची पोती रचलीत, हे व्याख्या विचारत नाही.

माळ्याचं मात्र वेगळं आहे. आपल्या जुन्या घरात माजघरावर फळ्या टाकलेल्या असतात. शिडीनं वर जायचं, वाशाला डोकं लागू नये म्हणून वाकून चालायचं. एका कोपऱ्यात बियाण्याची गाडगी, दुसऱ्या कोपऱ्यात पावसाळ्यासाठी साठवलेल्या शेणी. नियमालाही माळा असाच अभिप्रेत आहे: सामान ठेवण्यापुरता, दीड मीटरपेक्षा जास्त उंची नसलेला. घरात सून आली, नातवंडं झाली की भिंती दोन हात उचलून त्या माळ्याची खोली करतात. गरज खरीच असते. पण त्या दिवसापासून तो माळा राहत नाही, मजला होतो. उतरत्या छपराखाली राहती खोली करायची तर राष्ट्रीय इमारत संहिता सरासरी 2.75 मीटर आणि वळचणीपाशी किमान 2.1 मीटर उंची मागते.

माळा मोजायचा की नाही हा पेच जुनाच आहे. 1666 च्या आगीत लंडन जळालं आणि पुढच्या वर्षी पुनर्बांधणीचा कायदा झाला. गल्लीबोळात दोन मजले, मोठ्या रस्त्यांवर तीन, राजरस्त्यांवर चार, असं त्यात ठरलं. तळघर आणि छपराखालचा माळा त्या मोजणीबाहेर ठेवले.

आता उंची. ती घराभोवतीच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून मोजतात. त्यामुळं उतारावरच्या घराची उंची ना नुसती रस्त्याच्या बाजूनं धरता येते, ना नुसती परड्याच्या बाजूनं. वर सपाट स्लॅब असेल तर शेवटच्या राहत्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत मोजायचं. कौलारू घर असेल तर बाहेरची भिंत छपराला जिथं भिडते तिथपर्यंत. रस्त्याकडं त्रिकोणी भिंत असेल तर वळचण आणि आढं यांच्या मध्यापर्यंत. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या भागात मुसळधार पाऊस, त्यासाठी पाखी उभी ठेवावी लागतात. आढं उंच गेलं म्हणून घरमालकाला जास्तीची जागा सोडायला लावणं अन्यायाचं झालं असतं.

सोडायच्या या जागेला सामासिक अंतर म्हणतात. पंधरा मीटरपर्यंतच्या घराला ते प्लॉटचा आकार आणि समोरचा रस्ता पाहून ठरतं. पंधरा मीटरच्या वर गेलं की समोरची बाजू सोडून बाकीच्या बाजूंना उंचीचा पाचवा भाग. अठरा मीटरच्या इमारतीला 3.6 मीटर. म्हणजे नुसते मजले मोजून तिथं भागत नाही, प्रत्येक मजल्याची उंचीही धरावी लागते.

गावठाणात घरं आधीच एकमेकांना खेटून. दोन घरांमध्ये एक माणूस शिडी घेऊन जेमतेम जाईल एवढी बोळ. दोन्ही वळचणींच्या पागोळ्या तिथंच पडतात. दोन्ही घरं बैठी होती तोवर दुपारचं ऊन बोळीत उतरायचं. एकानं आणखी दोन मजले चढवले की दुसऱ्याची भिंत मृगापासून दसऱ्यापर्यंत वाळत नाही. गिलाव्याला पोपडे येतात, आतल्या खोलीत अंथरुणं दमट राहतात आणि म्हातारी माणसं खोकत बसतात. सामासिक अंतराचा नियम त्या भिंतीसाठी आणि त्या माणसांसाठी आहे.

फेब्रुवारी 2021 मध्ये तेव्हाचे ग्रामविकास मंत्री, आपल्या कागलचे हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलं, की ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना विभागाकडं जावं लागणार नाही. लोकांचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच झालं. पण त्यावरून काहींनी अंतरही सोडायला नको असा अर्थ काढला, तो बरोबर नाही. फेरी सुटली, नियम सुटलेला नाही. उलट तो पाळायची जबाबदारी आता घरमालकावर आणि त्याच्या इंजिनिअरवर जास्त आली आहे.

स्लॅब गळतो म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घालतात, तिथंही माळ्यासारखंच होतं. पावसापुरतं आच्छादन समजण्यासारखं आहे. पुढच्या वर्षी त्याला बाजूनं विटा लागतात, मग खिडकी बसते, मग कॉट येते.

तेव्हा यंदा दिवाळीनंतर ज्यांचं बांधकाम निघणार आहे त्यांना माझी विनंती आहे. इंजिनिअरकडून नुसता खोल्यांचा नकाशा घेऊ नका, छेदही मागा. म्हणजे घर वरून खाली उभं कापल्यासारखं दाखवणारं चित्र. त्यात जमिनीची खरी चढउताराची रेघ, जोतं, प्रत्येक फरशी, माळा, वळचण आणि आढं दाखवायला सांगा. शेजारच्या घराची भिंतही त्याच कागदावर काढून घ्या. आणि गवंड्याला सुपारी देण्याआधी तो कागद घेऊन शेजाऱ्याच्या सोप्यात जाऊन बसा.