वेदना आणि वेदनेचे चिंतन



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी ‘शारीरिक दुःखात मनाची प्रसन्नता’ असा विषय योजिला गेला, तेव्हा अनेकांनी भगवान महावीरांच्या उपसर्गांची कथा अपेक्षिली असेल. ती कथा पर्युषणात घरोघरी वाचली जाते आणि वाचली जावीच. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात एक पळवाटही नेहमी तयार असते. ते तीर्थंकर होते, त्यांना शक्य झाले. संसारी माणसाचे काय, असे म्हणून तो मोकळा होतो. म्हणून आज एका संसारी माणसाचे उदाहरण घेऊ. हा माणूस जैन नाही, भारतीयही नाही आणि त्याचा व्यवसाय होता मोटरसायकलच्या शर्यती धावण्याचा.

धर्माच्या व्यासपीठावर मोटरसायकल कशाला, असे कोणी विचारील. सभागृहाबाहेरच्या प्रांगणात जी वाहने उभी आहेत त्यांत बहुसंख्य दुचाक्याच आहेत, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. ही झाली मृतांची गणना. जे वाचले आणि ज्यांच्या मणक्याला इजा झाली, ते कोणत्या खोलीत, कोणत्या पलंगावर पडून आहेत, याची वास्तपुस्त समाजात क्वचितच होते.

वेन रेनी यांचा जन्म १९६० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. ५०० सीसी गटातील जागतिक अजिंक्यपद ही त्या काळी मोटरसायकल शर्यतींतील सर्वोच्च पदवी. ती रेनी यांनी यामाहा गाडीवर १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षे मिळविली. चौथ्या वर्षीही तेच आघाडीवर होते. केविन श्वान्ट्झ या कट्टर प्रतिस्पर्ध्यापेक्षा त्यांचे ११ गुण अधिक होते. ५ सप्टेंबर १९९३ रोजी इटलीतील मिसानो येथील शर्यतीत सर्वांच्या पुढे धावत असताना एका वळणावर त्यांची गाडी घसरली. ते धावपट्टीबाहेरच्या खडीत फेकले गेले आणि छातीच्या भागातील कणा मोडून मज्जारज्जूला कायमची इजा झाली. वय अवघे ३२. मुलगा वर्षभराचा. छातीखालचे शरीर त्या क्षणापासून निकामी झाले आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद श्वान्ट्झ यांच्याकडे गेले.

येथे थोडे थांबून मज्जारज्जू तुटणे म्हणजे काय, हे समजून घेणे इष्ट होईल. ‘पाय गेले’ या दोन शब्दांत समाज ते आटोपतो, आणि ते अपुरे आहे. मोडलेले हाड जुळते. मज्जारज्जूचे तंतू मात्र आजच्या वैद्यकालाही पूर्ववत जोडता येत नाहीत. चालणे तर जातेच, पण मलमूत्राचे नियंत्रणही जाते. इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अंग तापते ते उतरत नाही. बसल्या जागी त्वचा दाबली जाते, तिची जाणीव होत नाही आणि शय्याव्रणे होतात. म्हणून दर काही मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर उचलावे लागते, दिवसातून कितीतरी वेळा, जन्मभर. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर मूत्राशय भरल्यासारख्या क्षुल्लक कारणानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक चढू शकतो.

आणि वेदना! ज्या भागाला स्पर्शही कळत नाही त्या भागात वेदना कशी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना दीर्घकालीन वेदना असते. पाय भाजत आहेत, विजेचा झटका बसतो आहे, कोणी करकचून आवळते आहे अशी ती वेदना. ती चेतातंतूंच्या बिघाडातून उपजते, म्हणून नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत. प्रेगाबालिन, गॅबापेन्टिनसारखी औषधे देतात, त्यांनी काहींना काही अंशी उतार पडतो. पुष्कळांची वेदना उरतेच. ‘मन खंबीर ठेवा, सगळे ठीक होईल’ असे सांगणाऱ्या हितचिंतकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. सगळे ठीक होणार नसते, आणि रुग्णाला ते ठाऊक असते.

मग प्रसन्नता कशाची? या ठिकाणी तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायाचे स्मरण होते. तेथे आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: अनिष्टाचा संयोग, इष्टाचा वियोग, वेदना आणि निदान. यांतील तिसरा प्रकार आजच्या विषयाचा गाभा होय. शास्त्रकारांनी वेदना होणे हा दोष मानलेला नाही. ती असातावेदनीय कर्माच्या उदयाने येते आणि मुनींनाही येते; बावीस परीषहांत रोगपरीषह आहेच. दोष आहे तो वेदनेचे अखंड चिंतन करण्यात, ही कधी जाईल, मलाच का आली, या एकाच खुंट्याभोवती चित्ताला फिरवीत ठेवण्यात. वेदना आणि वेदनेचे चिंतन या दोहोंत आचार्यांनी किती सूक्ष्म रेषा आखली आहे! १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेचा ‘द्वारसिद्धांत’ मांडला. शरीरातून येणाऱ्या वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि ते किती उघडावे यावर मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही प्रभाव पडतो, असे त्याचे सार. पुढे त्यात बरीच सुधारणा झाली. परंतु भय आणि सततचे लक्ष यांनी वेदना वाढते व मन अन्यत्र गुंतले की ती सुसह्य होते, हे आज वेदनाचिकित्सेत सर्वमान्य आहे. दोन्ही शास्त्रांचे हेतू भिन्न आहेत. एकाला निर्जरा अभिप्रेत आहे, दुसऱ्याला रात्रीची झोप. तरीही रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याला दोन्हींचा उपयोग आहे.

रेनी यांच्याकडे परत येऊ. अपघातानंतर त्यांनी शर्यतीचे जग सोडले असते तर कोणी दोष दिला नसता. ते पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, चाकाच्या खुर्चीतून यामाहाच्या एका संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले. ज्या गाड्यांच्या आवाजाने त्यांचे सर्वस्व नेले, त्याच आवाजात ते १९९८ पर्यंत बसून राहिले. १९९६ मध्ये जपानच्या शर्यतीत त्यांच्या संघाचा तरुण स्वार नोरिक आबे विजयी झाला, तेव्हा ते यश व्यवस्थापक या नात्याने रेनी यांचेही होते. याच काळात हातांनी चालविता येईल अशा छोट्या शर्यतगाडीवर त्यांनी पुन्हा स्पर्धाही केली. पुढे २०१५ पासून अमेरिकेतील रस्ता-शर्यतींच्या राष्ट्रीय मालिकेची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली. कॅलिफोर्नियातील लगुना सेका धावपट्टीवरील एका वळणाला त्यांचे नाव आहे.

या सर्वांहून हृद्य आहे तो श्वान्ट्झ यांच्याशी जडलेला स्नेह. तरुणपणी हे दोघे एकमेकांना पाण्यात पाहत. रेनी खुर्चीत बसले आणि वैर संपले. १९९५ मध्ये जपानहून परतताना विमानात दोघांचे दीर्घ बोलणे झाले. दुखापतींनी जर्जर झालेल्या श्वान्ट्झ यांनी त्यानंतर लवकरच, मोठ्या जड अंतःकरणाने, निवृत्ती पत्करली. धोका काय असतो हे ज्याच्या शरीरावर लिहिलेले होते, त्याच्या तोंडून ऐकल्यावर निर्णय सोपा झाला असावा. संवत्सरीला आपण सर्व जीवांना क्षमा मागतो. ज्याच्याशी खरोखर स्पर्धा आहे, भाऊबंदकी आहे, त्या एकाला मात्र पुष्कळदा वगळतो, हे येथे नमूद केल्यास राग नसावा.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर ते अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे आहे. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या नगरीत लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी म्हणून दीपा मलिक राहत होत्या. मूळच्या हरियाणाच्या, आणि कुमारवयापासून मोटरसायकलच्या वेड्या. १९९९ मध्ये, पती कारगिलच्या युद्धात असताना, त्यांच्या मणक्यातील गाठीवर शस्त्रक्रिया झाल्या आणि छातीखालचे शरीर लुळे पडले. पदरी दोन लहान मुली. नगरला त्यांनी उपाहारगृह चालविले, व्यायाम म्हणून पोहणे सुरू केले आणि महाराष्ट्राकडून जलतरण स्पर्धांत उतरल्या. मग खास बदल करून घेतलेल्या गाडीवर बसून पुन्हा रस्त्यावर आल्या. २००९ मध्ये हिमालयातील खडतर रॅलीत सहभागी झाल्या. २०१६ साली रिओ येथील पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत ४.६१ मीटर अंतर नोंदवून त्यांनी रौप्यपदक मिळविले. पॅरालिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. त्यांच्या चरित्रात पदकापेक्षा उपाहारगृहाचा भाग अधिक बोधप्रद वाटतो. पदक काही थोड्यांना मिळते. सकाळी उठून आज किती माणसे जेवायला येतील हा विचार कोणालाही करता येतो, आणि त्या विचाराला आर्तध्यान म्हणत नाहीत.

आता एक अप्रिय मुद्दा. आजाऱ्याच्या घरी समाचाराला जाऊन ‘पूर्वकर्माचे फळ आहे, भोगलेच पाहिजे’ असे सांगण्याची रीत आपल्या समाजात रूढ आहे. सिद्धांत खरा आहे, पण तो कोणी कोणाला सांगावयाचा? सनत्कुमार चक्रवर्तींची कथा आठवावी. सौंदर्याचा अभिमान झाला, शरीर रोगांनी ग्रासले, दीक्षा घेतली. पुढे वैद्याच्या वेषात आलेल्या देवांनी उपचार देऊ केले, तेव्हा त्यांनी आपल्याच थुंकीने एक बोट निरोगी करून दाखविले आणि कर्मरोगाचे औषध असेल तर द्या, असे म्हटले. हे उद्गार स्वतः रोग भोगणाऱ्या मुनींचे आहेत. शेजाऱ्याने त्यांच्या दारात जाऊन ते म्हटल्याचे कथेत कोठेही नाही. कर्मसिद्धांत दुःखिताने स्वतःच्या हातात धरावयाचा दीप आहे. दुसऱ्याने तो त्याच्या डोळ्यांवर रोखला तर नुसती आग होते. समाचाराला जाणाऱ्याचे कर्तव्य वैयावृत्त्याचे. त्यात पाणी देणे आहे, कूस बदलविणे आहे, घरच्या माणसाला दोन तास झोपू देणे आहे.

हे कर्तव्य अपघाताच्या जागेपासूनच सुरू होते. रस्त्यात पडलेल्याला हातापायांना धरून रिक्षात घालणारे लोक दयेपोटीच तसे करतात. परंतु मणका मोडलेला असेल तर त्या ओढाताणीत उरलासुरला मज्जारज्जूही जातो. मान आणि पाठ एका रेषेत राहील अशा रीतीने, फळीवर, तीन-चार जणांनी मिळून उचलावे. शक्य तेथे रुग्णवाहिकेची वाट पाहावी. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीतीही आता बाळगू नये, कारण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अशा व्यक्तीला संरक्षण दिले आहे. साधूंना चार हात भूमी निरखून चालण्याची ईर्यासमिती सांगितली आहे. गृहस्थाने गाडीवर बसताना तिचा निदान अंश पाळावा. डोक्यावर शिरस्त्राण ठेवणेही त्यातलेच.

आणि वास्तूविषयी. पन्नास वर्षांपूर्वी पूर्वजांनी वर्गणी काढून, पोटाला चिमटा घेऊन हे सभागृह व मंदिर उभारले. उंच जोते हे त्या काळी वैभवाचे लक्षण मानले जाई, आणि ते योग्यच होते. पण चाकाच्या खुर्चीतील श्रावकाला त्या पायऱ्यांपुढे दर्शनासाठी चौघांच्या हातावर जावे लागते, आणि म्हणून तो येणेच सोडतो. उताराच्या मार्गासाठी मापही ठरलेले आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सुवर्णमहोत्सवी निधीतून असा एक मार्ग झाला तर त्याची कोनशिला नसली तरी चालेल. सामायिकाला मांडी घालता येत नाही म्हणून संकोचणाऱ्यांनाही कोणी सांगावे की कायोत्सर्ग उभ्याने, बसून आणि निजूनही होतो.

रेनी यांच्या कथेचा शेवटचा भाग राहिला. अपघाताला २६ वर्षे झाल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, जपानमधील सुझुका येथे ते पुन्हा मोटरसायकलवर बसले. गिअर पायाऐवजी हाताने बदलता यावा अशी योजना गाडीत केली होती, पाय पायदानांना जखडले होते आणि तोल सावरायला माणसे धरून उभी होती. पुढे २०२२ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे त्यांनी आपली १९९२ ची अजिंक्यपदाची गाडीच चालविली. सोबतीला गाड्यांवर त्यांचे जुने सहकारी आणि प्रतिस्पर्धी होते, त्यांत श्वान्ट्झही होते. वेगाची स्पर्धा नव्हती. फेरी संपल्यावर माणसांनी गाडी धरली, त्यांना उचलले आणि पुन्हा खुर्चीत बसविले.