हतनूरचं डिजिटल जुळं



अध्यक्षाने थोडक्यात आटपावं असा संकेत आहे, म्हणून मी एकाच धरणाच्या डिजिटल जुळ्याबद्दल बोलतो.

डिजिटल ट्विनची, म्हणजे खऱ्या वस्तूच्या संगणकातल्या जुळ्याची, कल्पना मायकेल ग्रीव्हज यांनी 2002 मध्ये अमेरिकेत मांडली, ती कारखान्यातल्या उत्पादनांसाठी. यंत्राचं जुळं करणं तुलनेने सोपं, कारण त्याचं ड्रॉइंग हाताशी असतं. तापी नदीचं ड्रॉइंग कुणाकडे आहे?

भुसावळ तालुक्यातलं हतनूर घ्या. तापी-पूर्णा संगमाच्या खालचं हे धरण, त्याला 41 दरवाजे. बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की तापी फुगते, अकोल्याकडे झाला की पूर्णा. दोन्हींचा लोंढा एकदम आला, तर किती दरवाजे, किती आणि केव्हा उचलायचे? खाली धुळे जिल्ह्यात सुलवाडे, पुढे सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई आणि सुरत. ऑगस्ट 2006 मधलं बुडालेलं सुरत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

जुळं करायचं म्हटलं की आपण त्रिमितीय चित्रापासून सुरुवात करतो. ड्रोन उडवायचा, पडद्यावर धरण गरागरा फिरवायचं, पाहुण्यांच्या टाळ्या घ्यायच्या. माझ्या मते हे उफराटं आहे. आधी निर्णय कागदावर लिहा: दरवाजा कोण उचलणार, किती तास आधी, कशाच्या आधारे? मोजायचं काय, ते त्यातूनच ठरतं. वरच्या केंद्रांवरची नदीची पातळी, पाणलोटातला पाऊस, जलाशयाची पातळी, प्रत्येक दरवाजाची उघडीप. मग प्रवाहाचं गणित. चित्र सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

आणि गाळ! पूर्णा काळी माती घेऊन येते, ती जलाशयात बसते. कुठल्या पातळीला किती पाणी मावतं याचा धरण बांधतानाचा तक्ता वर्षागणिक खोटा पडत जातो. सेन्सर कितीही अचूक असो, तक्ता जुना असेल तर साठा चुकीचाच निघणार, तोही दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांसह! तळाची फेरमोजणी आणि तक्ता बदलणं हे मूळ आराखड्यातच हवं, खर्चासकट. निविदा लिहिणाऱ्यांनी कृपया हे टिपून घ्यावं.

मोजून पाणी देणं आपल्याला नवं नाही. पांझरा नदीच्या काठी सिंचनाची फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. बंधाऱ्यात पाणी किती, त्यावरून यंदा किती फड, म्हणजे शेतांचे गट, भिजवायचे ते ठरे, आणि पाटकरी त्याबरहुकूम पाणी फिरवी. संगणक नव्हता, पण मोजणी, निर्णय आणि अंमल एकाच गावात होते. आपलं मॉडेल मात्र पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर आणि दरवाजा हतनूरला. तो चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्या बैठकीपासून बोलवा. उद्घाटनाला बोलवून काय उपयोग?

मॉडेल तपासायला जुने पूर आहेतच. त्याला पुराच्या आदल्या दिवसापर्यंतची आकडेवारी द्यायची, पुढची झाकून ठेवायची आणि विचारायचं, आता काय करू? उत्तर एका ठाम आकड्यात आलं तर संशय घ्या. किमान-कमाल पल्ला हवा. मग ते पुराच्या रात्रीच्या नोंदवहीशी ताडून पाहायचं.

त्यासाठी नोंदवह्या हाती हव्यात. हतनूरच्या पातळीच्या आणि दरवाजांच्या तासागणिक जुन्या नोंदी जलसंपदा विभागाने जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना अभ्यासासाठी द्याव्यात, असा ठराव या परिषदेने करावा. मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात तो मांडतो, दुरुस्त्या जरूर सुचवा.